विषय : मेणातली ट्रायल न घेता दिलेल्या कवळीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या कोथरूड शाखेतून मी वरची-खालची पूर्ण कवळी करून घेतली. रक्कम रु. २८,०००, सगळी आगाऊ भरलेली. पावतीची प्रत सोबत आहे. कवळी सध्या डबीत पाण्यात पडून असते आणि मी मऊ भात खाते. आपल्या अ‍ॅपवर तक्रार टाकली, तर 'आपला अनुभव कसा होता?' असं विचारून तारे मागण्यात आले. तारे देण्याजोगं काही घडलेलं नसल्यामुळे कागदावर लिहीत आहे.

'तीन दिवसांत कवळी' ही आपली जाहिरात. हे तीन दिवस कसे साधले जातात, ते आमच्या पेठेतल्या जुन्या दंतवैद्यांना कवळी दाखवली तेव्हा कळलं. नेहमीची रीत अशी की आधी ढोबळ माप घ्यायचं, त्यावरून त्या माणसाच्या जबड्यापुरता ट्रे करायचा आणि त्या ट्रेने हिरडीच्या कडांसकट बारीक माप घ्यायचं. मग मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून जबडा किती उंचीवर मिटावा हे ठरवायचं. त्यानंतर मेणात दात लावून ट्रायल, आणि ती पसंत पडली की मगच पक्कं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कडक प्लास्टिक. माझ्या बाबतीत ढोबळ माप झालं, मेणाची पट्टी एकदा चावायला दिली आणि पुढच्या भेटीला थेट तयार कवळी हातात ठेवली. ट्रायल कधी, असं विचारलं तर "आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, आजी" असं उत्तर मिळालं.

ट्रायल हा काही मानपानाचा भाग नाही. मेणातला दात इकडचा तिकडे सरकवता येतो, वर-खाली करता येतो, अ‍ॅक्रिलिकमधला येत नाही. शांत बसलं असताना वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर जागा राहायला हवी. माझ्या कवळीत ती जवळपास नाहीच. ओठ मिटायला जोर लावावा लागतो, संध्याकाळपर्यंत गाल आणि कानशिलं दुखतात आणि बोलताना दात एकमेकांवर आपटतात. मी शाळेतून निवृत्त झाले असले तरी घरी मुलांना शिकवते. साठाच्या पुढचे पाढे घेताना एकसष्ट, पासष्ट, सहासष्ट म्हणू लागले की शिट्टी आणि टकटक दोन्ही सुरू. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या तोंडात टाळ वाजतायत." मुलं हसली, मीही हसले. पण ट्रायलच्या वेळी कुणी साठ ते सत्तर आकडे मोजायला लावले असते तर हा दोष तिथेच सापडला असता. तक्रार केल्यावर आपल्या डॉक्टरांनी रंगीत कागद चावायला देऊन दात घासून दिले. घासून घासून ते सपाट झाले. टकटक थोडी कमी झाली, आता शेंगदाणासुद्धा नीट फुटत नाही.

दातांच्या रंगाचंही तेच. निवृत्तीच्या समारंभातला माझा फोटो मी मुद्दाम नेला होता. त्यात समोरचा एक दात किंचित वळलेला आहे आणि रंग चहा पिणाऱ्या बाईचा असावा तसा आहे. तो फोटो कुणी हातातही घेतला नाही. ट्यूबलाइटखाली शेडची पट्टी ओठांशी धरून काउंटरवरच्या मुलीने सगळ्यात पांढरी शेड लिहून टाकली, "यंग दिसाल" म्हणाली. एकाहत्तराव्या वर्षी मला यंग दिसायचं नव्हतं, माझ्यासारखं दिसायचं होतं.

पुढचा मुद्दा पैशांचा. माझे उरलेले दात आपल्याच शाखेत काढले आणि हिरड्या वरून भरून आल्याबरोबर माप घेतलं. दात काढल्यावर खालचं हाड झिजत जातं आणि पहिल्या काही महिन्यांत ही झीज सगळ्यात जास्त असते, हे आपल्या डॉक्टरांना माहीत असणारच. म्हणजे कवळी सैल होणार हे ठरलेलंच होतं. अशा वेळी आतून नवा थर भरून ती पुन्हा बसवून द्यावी लागते. त्याचे पैसे वेगळे पडतील हे मला खालची कवळी घास घेताना उचलली जाऊ लागल्यावर सांगितलं. तोवर चिकटवायची पेस्ट वापरा, तीही आपल्याच काउंटरवर मिळते! प्रत्येक भेटीत इम्प्लांटचं, म्हणजे जबड्याच्या हाडात पक्के बसवायच्या दातांचं, माहितीपत्रक मात्र फुकट मिळालं.

निगा राखण्याबद्दल दिलेलं कार्ड इंग्रजीत आहे. तोंडी सूचना अशा: कवळी रात्रीही घालूनच झोपा म्हणजे सवय होईल, आणि आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात टाका. पहिल्या सूचनेमुळे टाळू लालभडक होऊन बुरशीचा संसर्ग झाला आणि औषध घ्यावं लागलं. दुसरी सूचना मी पाळली नाही, सुनेने वेळीच अडवलं. गरम पाण्याने अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, मऊ ब्रशने साध्या साबणाने धुवायची, टूथपेस्टने घासायची नाही कारण तिने चरे पडतात, आणि धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. एवढं मराठीत छापायला पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो.

माझी मागणी अशी. पूर्ण रक्कम परत करावी. ते मान्य नसेल तर वर लिहिलेली प्रत्येक पायरी घेऊन कवळी नव्याने करून द्यावी, मेणातली ट्रायल मी लेखी पसंत केल्याशिवाय ती पक्की करू नये आणि पहिल्या वर्षात आतून थर भरण्याचे पैसे घेऊ नयेत. संसर्गाच्या औषधांचा खर्च दोन्ही बाबतीत मिळावा. माझी मापं, शेड आणि लॅबला पाठवलेल्या ऑर्डरची प्रतही हवी आहे. शाखेत मागितली तेव्हा 'सिस्टिम बंद आहे' असं कळलं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, आणि १९७४ साली ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना याच शहरात सुरू झाली, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा हे सांगणारी माणसं आमच्याकडे शोधावी लागत नाहीत.

फोन करायचा असल्यास दुपारी एक ते चार सोडून करावा. इम्प्लांटबद्दल असेल तर करू नये.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)
सदाशिव पेठ, पुणे

सोबत : पावती, औषधांची बिलं, दंतवैद्यांचा लेखी अभिप्राय आणि तो फोटो