फरशी आणि लॉनच्या सांध्यावर पाणी तुंबते: काम उकलून नव्याने करून द्यावे

प्रति,
व्यवस्थापक, लँडस्केपिंग विभाग

महोदय,

आमच्या पुण्यातील बंगल्यामागे आपण २० बाय १२ फुटांची शहाबादी फरशी घातली आणि तिला लागून लॉन केले. फरशीच्या घासकामाबद्दल तक्रार नाही, ते चोख आहे. पण एक सर आली की सांध्यावर दोन बोटे पाणी उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलत नाही. कडेच्या फरश्यांवर शेवाळ धरले आहे आणि दर्जा, म्हणजे फरश्यांमधल्या फटींचा भरणा, मोकळ्या होऊन बोटाने निघतात.

लेव्हल ट्यूब (पातळी मोजायची पाणी भरलेली नळी) लावून पाहिली. भिंतीपासून आठ फुटांपर्यंत ढाळ बरोबर आहे, पण कडेच्या दोन ओळी अर्धा इंच वर चढल्या आहेत. लॉनची लाल माती आधी भरली आणि मग फरशी तिला मिळवायला उचलली, हे उघड दिसते. खरे तर लॉन फरशीच्या कडेपेक्षा इंचभर खाली हवे; गवत वाढते तशी त्याची पातळीही चढत जाते. एक इंच पावसात या फरशीवरून सुमारे ५६० लिटर पाणी येते. ते जाणार कुठे?

सांध्यालगतचा निचऱ्याचा चर दोन फूट लांबीत उकरून पाहिला. कोटेशनमध्ये १२ इंच रुंद, १२ ते १८ इंच खोल चर, २० मिमी खडी आणि भोवती जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) असे लिहिले आहे. प्रत्यक्षात खोली ७ इंच, कापड नाही आणि खडीच्या जागी मुरूम. मुरुमाच्या बारीक मातीने चरातल्या निचऱ्याच्या पाइपची भोके लिंपून गेली आहेत; तीही खाली असायची ती वर केलेली. पाइपचे दुसरे टोक शोषखड्ड्यात सोडले आहे. खाली काळी माती आहे, ती एकदा फुगली की पाणी पीत नाही. पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी खड्डा काठोकाठ होता.

आपल्या सुपरवायझरने फरशीला भोके पाडून वर कोटिंग मारायचे सुचवले. ते मान्य नाही, कारण त्याने पाणी फरशीखालच्या भरावात मुरेल आणि भराव खचेल.

पाणी शेवटी कुठे पडणार ती पातळी आधी धरून काम करावे. समोरच्या पावसाळी गटाराचा तळ लॉनपेक्षा २० इंच खाली आहे. फरशीलगत २० फूट आणि पुढे गटारापर्यंत ३० फूट, १०० ला १ ढाळाने ६ इंच लागतात. म्हणजे सुरुवातीला १२ आणि गटारापाशी १८ इंच खोली पुरते. पुढचे ३० फूट पाइप बिनभोकाचा हवा आणि कोपऱ्यात गाळ बसायला चेंबर हवे, ज्याचा तळ पाइपपेक्षा ६ इंच खाली असेल. कडेच्या दोन्ही ओळी उकलून ढाळात बसवाव्यात, लॉन सगळ्यात शेवटी. चर बुजवण्याआधी आमच्यासमोर १५ मिनिटे होज सोडून चाचणी द्यावी.

आठ दिवसांत काम सुरू करावे. तोपर्यंत उरलेले १५ टक्के बिल दिले जाणार नाही. मुदत टळल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. मोजमापे आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
बंगल्याचा मालक