कुंभार्ली घाटाखालच्या मिस्त्रीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. डिसेंबरातल्या त्या रविवारी आई-बाबांना घेऊन गुहागरला निघाले होते. दुपारी घाट उतरून तुमच्या दारात गाडी लावली, तेव्हा माझे हात थरथरत होते. तुम्ही आधी आईला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि मग मला म्हणालात, "आता सांगा, काय होतंय?"

होत असं होतं, की पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी इंजिन खाली येत नव्हतं. एरवी आठशे-साडेआठशे आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला इंजिनाचे तेवढे फेरे) शांत चालणारी गाडी उभ्या-उभ्या दोन हजारावर जायची, धपकन बाराशेवर यायची आणि पुन्हा चढायची. पाटण ओलांडेपर्यंत मी दुर्लक्ष केलं. हेळवाक सोडून घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनवर थांबेना, उलट पुढे ढकलायला लागली. प्रत्येक वळणावर ब्रेक. शेवटी ब्रेकचा जळका वास आला आणि बाबा एकदम गप्प झाले. ते गप्प झाले की मला जास्त भीती वाटते.

याच तक्रारीसाठी महिनाभरापूर्वी पुण्यात एका गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घेतली होती, आयडलचा, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन हळू चालू ठेवणारा व्हॉल्व्ह नवा टाकला होता. चार हजार सहाशे रुपये गेले. तरी फरक पडेना, तेव्हा गाडीचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल असं सांगितलं गेलं. हे सगळं तुम्ही मधे न बोलता ऐकून घेतलंत. आणि ऐकल्यावर प्रश्न विचारलात तो गाडीचा, खर्चाचा नाही: "सकाळी गार असताना पण असंच करते का?" मी म्हटलं, सकाळी तर ठीक असते. तुम्ही मान हलवलीत. गार इंजिन मुळातच चढ्या आरपीएमवर चालतं, म्हणून सकाळी दोष झाकला जातो, हे तेव्हा मला पहिल्यांदा समजलं.

मग बोनेट उघडून तुम्ही आधी ॲक्सिलरेटरची केबल बोटाने हलवून पाहिलीत. ढिली होती, अडकत नव्हती. कूलंटची पातळी पाहिलीत. स्कॅनर लावलात, त्यात बिघाडाचा एकही कोड नव्हता. आणि मग जे केलंत ते मी अजून विसरले नाही. हातभर रबरी नळीचं एक टोक कानात धरून दुसरं टोक इंजिनभोवती सावकाश फिरवायला लागलात. एका जागी थांबलात आणि नळी माझ्या हातात दिलीत. कानात बारीक "स्स्स" ऐकू आलं. मग पकडीच्या जबड्यांना फडकं गुंडाळून एकेक व्हॅक्यूम पाइप चिमटून पाहिलात. ब्रेक बूस्टरचा चिमटला, काही नाही. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा पाइप) मॅनिफोल्डकडून, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळीच्या बाजूने चिमटला आणि आरपीएमचा काटा सरळ खाली आला. गाडी शांत झाली. आई खुर्चीवरून म्हणाली, "बंद झाली का गं?"

पाइप काढून वाकवलात तेव्हा खालच्या अंगाला, कोपराच्या आत, नखाएवढी चीर दिसली. वरून कुणालाच दिसली नसती. तिथून हवा थ्रॉटलला बगल देऊन आत शिरत होती. मॅनिफोल्डमधला दाब वाढला की सेन्सर तो मोजतो, कॉम्प्युटरला वाटतं हवा जास्त आलीय, तो पेट्रोल वाढवतो आणि इंजिन वर जातं. पण पाय तर सोडलेला असतो. मग कॉम्प्युटर समजतो की गाडी उतारावर आहे आणि पेट्रोलच तोडतो. आरपीएम पडले की पुन्हा देतो. ती वरखाली होण्याची उलाढाल तुम्ही हाताने झोका दाखवत समजावलीत. कॉम्प्युटर बिघडलाच नव्हता. त्याला जे कळत होतं त्याप्रमाणे तो बरोबरच वागत होता.

नवा पाइप आणि क्लँप आणायला तुमचा मुलगा चिपळूणला जाऊन आला. तेवढ्यात तुम्ही ब्रेक थंड होऊ दिलेत, चाकं काढून पॅड बघितलेत. पाइप बसवून बॅटरीची तार काही वेळ काढून ठेवलीत, मग गाडी पंधरा मिनिटं नुसती चालू ठेवलीत, एसी लावून, दिवे लावून. काटा साडेआठशेवर स्थिर. तरी तुमचं समाधान होईना. मला स्टिअरिंगवर बसवून स्वतः शेजारी बसलात, घाटाची दोन वळणं वर नेऊन परत उतरवायला लावलीत. "भीती मनात ठेवून पुढे जाऊ नका," म्हणालात.

बिल झालं पाइपचं, क्लँपचं आणि मजुरीचं, मिळून साडेसहाशे. मी जास्त द्यायला लागले तर हात मागे घेतलात. म्हणून पैशाचं इथे काढत नाही. पण एक सांगायचंय. बऱ्याच ठिकाणी माझं बोलणं सोडून "बरोबर कोण आहे?" असं विचारतात. तुम्ही बाबांकडे न बघता सगळं मला दाखवलंत, कारण गाडी मी चालवत होते. त्याचे आभार मला त्या दिवशी नीट मानता आले नाहीत.

तो चिरलेला पाइप तुम्ही फेकायला निघाला होता, मी मागून घेतला. डिकीत टूलकिटशेजारी आहे. शिमग्याला पुन्हा त्याच रस्त्याने येतोय. आई म्हणते, काकांसाठी नाचणीचे लाडू करून न्यायचे. गाडीचं काम नाही, चहाला थांबू.

आपली,
घाटात घाबरलेली मुलगी