सूचना : रविवारी समुपदेशक येणार आहेत

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता सोसायटीच्या मागच्या खोलीत बसायचं आहे. पुढच्या हॉलमध्ये यंत्रमागांचा खडखडाट येतो. जोडपी, नुकतेच बाबा झालेले आणि हुतात्मा एक्स्प्रेसने नोकरी-शिक्षणासाठी पुण्याला निघालेली पोरं, तिघांना वेळ वेगळी दिली आहे.

बाबांसाठी कशाला, असं दोघा-तिघांनी विचारलं. बाळंतिणीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, ते हवंच. पण बाळ झाल्यावरचं नैराश्य साधारण दहातल्या एका बापालाही गाठतं, बहुतेकदा बाळ 3 ते 6 महिन्यांचं असताना. रडण्यापेक्षा चिडचिडीतून ते जास्त दिसतं. रात्री एक वाजता पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर मोबाईल घेऊन बसलेला तरुण आपण पाहिलाय, आणि "झोप नाही का रे" म्हणून पुढे गेलोय. मीसुद्धा.

जोडप्यांनी शक्यतो दोघांनी यावं. एकटं आलात तरी चालेल. समुपदेशक निवाडा करत नाहीत, तेव्हा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट आणू नयेत. गोळ्याही ते लिहून देत नाहीत, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं.

नावं ग्रुपवर टाकू नका, थेट सचिवांना फोन करा. शेजाऱ्याचं नाव तर मुळीच सुचवू नका! रविवारपर्यंत थांबवत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं.

— सचिव