त्या रात्रीचे ५४ ठोके : बेसबॉलच्या आयुक्तांना खुले पत्र

माननीय श्री. रॉब मॅन्फ्रेड,
आयुक्त, मेजर लीग बेसबॉल

स.न.वि.वि.

४ ऑगस्ट २०१७ च्या रात्री मी, माझा नवरा आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा ह्यूस्टनच्या मिनिट मेड पार्कमध्ये बसलो होतो. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज विरुद्ध टोरोंटो ब्लू जेज. टोरोंटोने माइक बोल्सिंगर नावाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणला. त्याने २९ चेंडू टाकले, आठ बॅटरना तोंड दिले, त्यांतला एकच बाद झाला आणि चार धावा निघाल्या. आम्ही उभे राहून टाळ्या वाजवत होतो. अ‍ॅस्ट्रोजनी सामना १६-७ असा जिंकला. मुलगा घरी येईपर्यंत गाडीत बडबडत होता. बोल्सिंगरला लगेच खालच्या लीगमध्ये धाडण्यात आले, आणि मेजर लीगमध्ये त्याच्या हातात पुन्हा कधी चेंडू आला नाही.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या घरात बेसबॉलवरून होणारे वाद मराठीतच होतात आणि मनापासून बोलायचे तर मला हीच भाषा येते. माझे माहेर सांगलीचे. पुराचे पाणी उंबरा ओलांडून आत आले की घरात काय उरते, हे मला कृष्णेने शिकवले होते. त्या सामन्यानंतर तीन आठवड्यांनी हार्वे वादळ आले आणि ह्यूस्टनने तेच पाहिले. आमच्या गल्लीत लोकांनी भिजलेल्या भिंती उकरून रस्त्याच्या कडेला ढीग लावले होते. २ सप्टेंबरला अ‍ॅस्ट्रोज घरच्या मैदानावर परतले, एकाच दिवशी दोन सामने खेळले. त्यांच्या छातीवर शहराच्या नावाची पट्टी होती. १ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सना सातव्या सामन्यात हरवून त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली, तेव्हा आमच्या शेजारची सत्तरीची बाई अंगणात येऊन रडली. तिचे घर अजून राहण्याजोगे झाले नव्हते.

मी ह्यूस्टनची आहे, हे आधी सांगून ठेवते. २०१७ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याबद्दल आमच्या संघाला झालेली शिक्षा जड झाली, अशी तक्रार घेऊन मी आलेली नाही. ती चुकीच्या माणसांच्या वाट्याला गेली, असे माझे म्हणणे आहे.

माझ्या मराठी वाचकांसाठी प्रकरण थोडक्यात सांगते. बॅटरच्या मागे बसलेला कॅचर बोटांच्या खुणांनी पिचरला पुढचा चेंडू कोणता टाकायचा ते सुचवतो. दुसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या धावकाने नुसत्या डोळ्यांनी त्या खुणा ओळखल्या तर तो खेळाचाच भाग. अ‍ॅस्ट्रोजनी मात्र सेंटर फील्डमधल्या कॅमेऱ्याचे चित्र डगआउटमागच्या (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेमागच्या) बोळात एका पडद्यावर आणले. तिथे खुणा उलगडायच्या आणि कचऱ्याच्या पिंपावर बॅटने ठोका मारायचा. ठोका ऐकू आला तर वळणारा किंवा हळू चेंडू, शांतता असेल तर फास्टबॉल. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या चेंडूसमोर उभ्या असलेल्या माणसाला ही माहिती म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री हाती लागलेली प्रश्नपत्रिका. नोव्हेंबर २०१९ मध्ये माइक फायर्सने, जो २०१७ मध्ये याच संघात पिचर होता, स्वतःचे नाव देऊन हे सांगितले, तेव्हा जगाला कळले. पुढे ह्यूस्टनच्याच एका चाहत्याने घरच्या ५८ सामन्यांची चित्रफीत पुन्हा ऐकली. आठ हजारांवर चेंडू, त्यांत १,१४३ ठोके. सगळ्यांत जास्त ठोके ४ ऑगस्टच्या सामन्यात, ५४.

त्या ५४ ठोक्यांच्या वेळी आम्ही टाळ्या वाजवत होतो. एवढ्या गोंगाटात आम्हाला काहीच ऐकू आले नाही.

१३ जानेवारी २०२० चा आपला नऊ पानी अहवाल मी अनेकदा वाचला आहे. ६८ जणांचे जबाब, त्यांत अ‍ॅस्ट्रोजचे आजी-माजी २३ खेळाडू. तपास कसून झाला, हे मला मान्य आहे. जनरल मॅनेजर जेफ लुनो आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांचे एका वर्षासाठी निलंबन, ५० लाख डॉलर दंड, २०२० आणि २०२१ च्या ड्राफ्टमधील, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतील, पहिल्या दोन फेऱ्यांची निवड रद्द. मालक जिम क्रेन यांनी दोघांनाही त्याच दिवशी काढून टाकले. मालकांना काही माहीत नव्हते, असा निष्कर्ष. आणि खेळाडूंपैकी एकालाही शिक्षा नाही.

खेळाडूंना अभय का दिले, याची कारणे आपण दिली आहेत. अभय नसते तर कोणी बोलले नसते. यंत्राच्या मदतीने खुणा चोरू नका, हा सप्टेंबर २०१७ मधला आपला इशारा लुनो यांनी खेळाडूंपर्यंत पोहोचवलाच नव्हता, त्यामुळे खेळाडू संघटनेने शिक्षेला आव्हान दिले असते. ही अडचण खरी आहे आणि मी ती झटकून टाकत नाही. पण अहवालात आणखी एक कारण आहे: गुंतलेले खेळाडू इतके होते, आणि त्यांतले कित्येक आता दुसऱ्या संघांत होते, की शिक्षा देणे अवघड आणि अव्यवहार्य ठरले असते. साहेब, या वाक्यापाशी मी दर वेळी अडखळते. एकट्याने चोरी केली तर शिक्षा आणि सगळ्यांनी मिळून केली तर सुटका, हा याचा सरळ अर्थ झाला.

नियम माहीत नव्हता, असे कोणाला म्हणता येईल का? आपल्याच अहवालात ती हकीकत आहे. सप्टेंबरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर डॅनी फार्कारला ठोक्यांचा संशय आला, तेव्हा अ‍ॅस्ट्रोजच्या डगआउटमध्ये घबराट पसरली आणि सामना संपायच्या आत काही खेळाडूंनी तो पडदा भिंतीवरून काढून एका खोलीत लपवला. जे वैध आहे ते कोणी असे लपवत नाही. हिंच यांनी तो पडदा दोनदा फोडला, पण तोंडाने ‘हे थांबवा’ म्हटले नाही. मॅनेजर म्हणून त्यांना झालेली शिक्षा मला योग्य वाटते. ज्यांनी नवा पडदा लावला त्यांचे काय?

आता पैशांचे बघा. ५० लाख डॉलर हा आपल्या लीगच्या घटनेनुसार कमाल दंड होता. त्याच संघाच्या जस्टिन व्हर्लँडर या एका पिचरचे त्या काळातले वार्षिक मानधन ३ कोटी ३० लाख डॉलर होते. २०१७ च्या विजयानंतर पूर्ण वाटा मिळालेल्या प्रत्येक अ‍ॅस्ट्रोज खेळाडूच्या हाती ४ लाख ३८ हजार डॉलरहून जास्त बक्षीस पडले, डॉजर्सच्या खेळाडूंच्या हाती साधारण २ लाख ६० हजार. यातला एक डॉलरही परत मागितला गेला नाही. अभय द्यायचेच होते तर निलंबनापासून द्यायचे होते, पैशांना अभय कशासाठी? बोल्सिंगरने पुढे दावा लावला तेव्हा त्या मोसमातले सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरचे बोनस मुलांसाठीच्या संस्थांना आणि गरजू माजी खेळाडूंना द्यावेत, अशी मागणी केली होती. दावा टिकला नाही. पण त्या मागणीत मला न्यायाची जी समज दिसली, ती अहवालाच्या नऊ पानांत दिसली नाही.

हा एकच निकाल असता तर मी पत्र लिहिले नसते. एप्रिल २०२० मध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या २०१८ मधल्या खुणाचोरीचा निकाल लागला. एका वर्षाचे निलंबन झाले ते व्हिडिओ विभागातल्या एका कर्मचाऱ्याचे. खेळाडूंना तिथेही अभय. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉजर्सच्या जो केलीने ह्यूस्टनमध्ये आमच्या बॅटरच्या डोक्याजवळून चेंडू टाकले. डोक्याकडे चेंडू टाकणे धोक्याचे, त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. पण ६० सामन्यांच्या मोसमात त्याला आठ सामन्यांची बंदी झाली, अपिलानंतर पाच. म्हणजे या साऱ्या प्रकरणात मैदानाबाहेर बसलेला एकमेव खेळाडू होता तो फसवल्या गेलेल्या संघाची बाजू घेणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे आमच्याकडे म्हणतात. केली काही संन्यासी नव्हे, पण चोर तर खासच नव्हता.

आपल्या पदाचा इतिहास याच प्रश्नाने सुरू होतो. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर आला. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले आणि दुसऱ्याच दिवशी पहिले आयुक्त न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचे बाहेर काढले. त्यांतला बक वीव्हर मला विसरता येत नाही. त्याने पैसे घेतल्याचा पुरावा नव्हता, त्या मालिकेत तो .३२४ च्या, म्हणजे चांगल्याच, सरासरीने खेळला. त्याचा गुन्हा एवढाच की कट ठाऊक असून तो गप्प राहिला. मरेपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, तो पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिला. मे २०२५ मध्ये आपण निर्णय दिला की मृत व्यक्तीवरची बंदी उठते, आणि पैजांमुळे बंदी झालेला पीट रोझ, त्या आठांतलाच शूलेस जो जॅक्सन यांच्याबरोबर वीव्हरचेही नाव त्या यादीतून निघाले. ते वाचायला तो नव्हता. ठाऊक असून गप्प राहण्याची किंमत वीव्हरने आयुष्यभर मोजली. २०१७ च्या अ‍ॅस्ट्रोजमध्ये तर ठोका ज्याच्या कानावर गेला नाही असा बॅटर नसेल.

मला लँडिस यांचा कठोरपणा नको आहे. पण जून २०२४ मध्ये आपण टुकुपिटा मार्कानोला तहहयात बाहेर काढले, तेव्हा वीव्हर पुन्हा आठवला. मार्कानोने बेसबॉलवर ३८७ पैजा लावल्या, त्यांतल्या काही स्वतःच्याच पिट्सबर्ग संघाच्या सामन्यांवर, तेही तो जायबंदी असताना. त्याने एखादा सामना बिघडवल्याचा पुरावा सापडला नाही. पैजेचा नियम प्रत्येक क्लबहाऊसच्या भिंतीवर लावलेला असतो आणि त्यात शिक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणून मी त्या निर्णयाविरुद्ध नाही. मात्र एकही सामना न बिघडवणारा तरुण जन्मभर बाहेर आणि अख्खा मोसम बिघडवणारे पुढच्याच वर्षी मैदानात, ही दोन टोके एकाच आयुक्तांच्या सहीने ठरली आहेत.

उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत मात्र आपल्याच खेळाने चांगली वाट दाखवली आहे. पहिल्यांदा सापडला तर ८० सामने, दुसऱ्यांदा १६२, तिसऱ्यांदा कायमचा बाहेर. त्या वर्षीच्या पोस्टसीझनलाही, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांनाही, मुकावे लागते. फर्नांडो टाटिस ज्युनिअरसारखा लाडका खेळाडू २०२२ मध्ये सापडला, त्याला ८० सामने बसावे लागले, आणि शिक्षा अन्याय्य आहे अशी ओरड झाली नाही. कारण ती आधीपासून लिहिलेली होती आणि तारा असो की नवखा, सगळ्यांना सारखी होती.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगाराच्या मर्यादेवर तिथे तासन् तास खल होईल. त्यातला थोडा वेळ या गोष्टीला द्यावा. यंत्राच्या मदतीने फसवणूक केली तर खेळाडूला किती सामने, मॅनेजरला किती, संघाला काय, हे उत्तेजकांसारखेच आकड्यांत लिहिले जावे आणि प्रेक्षकालाही वाचता यावे. अभय दिले तरी पोस्टसीझनचा वाटा परत करावा लागेल, अशी अट त्यात असावी. दंडाची कमाल मर्यादा संघाच्या उत्पन्नाशी बांधावी. ठरावीक रकमेचे श्रीमंत संघाला काही वाटत नाही. आणि जो फायर्ससारखा पुढे येऊन बोलेल त्याला लीगने जाहीरपणे पाठीशी घ्यावे. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, माजी सहकारीच त्याच्यावर उलटले. ज्या माणसामुळे खरे बाहेर आले त्याला गद्दार म्हणणारे लोक माझ्या शहरात आहेत, आणि त्याची मला फार लाज वाटते.

शेवटची मागणी आपल्याला सर्वांत कमी आवडेल. निकाल आपण देऊ नये. आपली निवड ३० संघमालक करतात. मालकाचा दोष ठरवायची वेळ आली की आपली सचोटी कितीही मोठी असली तरी प्रेक्षकाच्या मनात शंका उरतेच. माझ्या देशात आयपीएलमध्ये सट्टेबाजी उघड झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली आणि २०१५ मध्ये तिने चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स हे दोन संघच दोन वर्षांसाठी बाहेर ठेवले. तो निर्णय क्रिकेट मंडळाच्या हातून झाला असता, असे मला वाटत नाही. चेन्नईच्या प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, तरी दोन वर्षे त्यांना संघ नव्हता. ह्यूस्टनला २०२० नंतर अशी शिक्षा झाली असती तर मला चालली असती का, हे मी स्वतःला विचारून पाहिले आहे. फार वाईट वाटले असते. पण २०२२ मध्ये फिलाडेल्फियाला हरवून आमचा संघ पुन्हा जिंकला तेव्हा परगावच्या मैदानांतून ज्या शिव्या आल्या, त्यांना आमच्याकडे उत्तर असते: आम्ही शिक्षा भोगून आलो आहोत.

माझा मुलगा आता शाळेच्या संघात पिचर आहे. २९ चेंडूंत चार धावा गेल्या तर काय वाटते, हे त्याला आता कळते. गेल्या वर्षी त्याने त्या सामन्याची चित्रफीत माझ्यासमोर लावली, आवाज वाढवला आणि बोल्सिंगरची इनिंग पुन्हा बघितली. प्रेक्षकांच्या कल्लोळाखालून ते ठोके नीट ऐकू येतात. मग त्याने आपला अहवाल उघडला, त्यात बोल्सिंगरचे नाव शोधले. ते नाही.

आपला कार्यकाळ जानेवारी २०२९ मध्ये संपतो. त्याआधी त्या अहवालाला एक पान जोडावे आणि त्यावर ४ ऑगस्ट २०१७, टोरोंटोचा पिचर, २९ चेंडू, एवढे तरी लिहावे.

आपली,
मिनिट मेड पार्कमध्ये त्या रात्री टाळ्या वाजवणारी एक आई
ह्यूस्टन, टेक्सस