आपल्या चढाईपटूच्या गुडघ्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गावातले आणि पुण्या-मुंबईला कामाला असलेले सगळे गावकरी, मंडळाचे माजी खेळाडू आणि वाळवा तालुक्यातले कबड्डीवाले, यांच्यासाठी हे आवाहन आहे. आपल्या मुलींच्या संघातल्या १९ वर्षांच्या चढाईपटूच्या उजव्या गुडघ्यावर पुण्याला शस्त्रक्रिया करायची आहे. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेर फिरू नये अशी तिच्या वडिलांची विनंती आहे. उद्या पोरीचं स्थळ बघताना कुणी गुडघ्याचा विषय काढू नये, एवढीच त्यांची काळजी.

आधी मंडळाची चूक सांगतो. गेल्या वर्षी यात्रेच्या सामन्यात घोट्याची पकड सोडवताना तिचा गुडघा फिरला. आठवड्यात सूज उतरली, पोर चालायला लागली आणि ‘लचक असेल’ म्हणून आम्ही मोकळे झालो. तेल लावलं, मालिश केली, पट्टा बांधला आणि त्या पट्ट्यावर तिला पुढचे आठ महिने खेळवलं. एमआरआय काढल्यावर कळलं की लिगामेंट, म्हणजे सांध्यातली दोन हाडं बांधून ठेवणारी दोरी, तेव्हाच तुटलं होतं. तुटक्या लिगामेंटचा गुडघा वळताना आत सरकतो आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, घासली जाते. आज मांडीच्या हाडाच्या टोकावर, नेमका जिथं भार येतो तिथं, तीन चौरस सेंटिमीटरचा खड्डा आहे.

‘विश्रांती घेतली की भरून येईल’ असं पारावर बरेच जण सांगतात. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे कातडीसारखी ती आपोआप भरून येत नाही. तिच्यात संवेदनेच्या नसाही नाहीत, म्हणून ती झिजायला लागली तरी सुरुवातीला दुखून सांगत नाही. ‘गुडघाच बदला की’ म्हणणारेही भेटले. कृत्रिम सांधा म्हाताऱ्या माणसाला ठीक, एवढ्या तरुण वयात तो लवकर झिजतो आणि पुन्हा पुन्हा बदलावा लागतो.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. खड्डा लहान असेल तर हाडाला बारीक भोकं पाडतात. त्यातून रक्त येऊन वर नवा थर धरतो, पण तो मूळ कूर्चेइतका टिकाऊ नसतो. दुसरी वाट आपल्याला उसावरून लगेच समजेल, कारण ते नांग्या भरणंच आहे, म्हणजे सरीत जिथं ऊस उगवला नाही तिथं दुसरीकडचं रोप आणून लावणं. त्याच गुडघ्यात जिथं भार कमी येतो, तिथून कूर्चेसकट हाडाचे बारीक दंडगोल काढायचे आणि खड्ड्यात शेजारी शेजारी बसवायचे. तिसरी रोपवाटिकेसारखी. कूर्चेच्या पेशी काढून काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत बसवायच्या. ती फार महाग आहे. हिच्यासाठी दुसरी ठरली आहे, आणि त्याच वेळी लिगामेंटही नवं बसवणार आहेत. ते नाही केलं तर भरलेल्या नांग्याही उपटून निघतील.

रुग्णालयाचा अंदाज २ लाख ६० हजारांचा आहे. नंतरचा व्यायाम, पट्टा, कुबड्या आणि पुण्याच्या खेपा यांचे ६० हजार धरले आहेत. एकूण ३ लाख २० हजार. घरच्यांनी म्हैस विकून ६० हजार उभे केले. यंदा गणपतीत डॉल्बी लावला नाही, त्याचे ४५ हजार मंडळाने दिले (ज्यांना मिरवणूक सुनी सुनी वाटली, त्यांनी ही बेरीज बघावी). कमी पडतात २ लाख १५ हजार.

रुग्णालय धर्मादाय आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून आपण अर्ज केला आहे. सवलत मिळाली तर उरलेले पैसे व्यायामाच्या खात्यातच राहतील, दुसरीकडे वळणार नाहीत.

व्यायामाचे पैसे वेगळे का धरले, हे जुन्या खेळाडूंना सांगायला नको. मागे आपल्याच एका पोराच्या शस्त्रक्रियेला वर्गणी काढली, टाके निघाले आणि सगळे विसरलो. गुडघा आखडला. तो आज जिना धरून उतरतो. हिला साधारण सहा आठवडे पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, पुढे कित्येक महिने आठवड्यातून तीनदा इस्लामपूरला फिजिओथेरपीला जायचं आहे. मैदानावर परतायला वर्ष लागेल. परतेलच असं डॉक्टरांनी म्हटलेलं नाही, आम्हीही म्हणत नाही.

पैशाशिवायही मदत चालेल. पुण्यात पंधरा दिवस मायलेकींना राहायला तळमजल्यावरची खोली हवी, संडास कमोडचा हवा. इस्लामपूरला न्यायला चारचाकी असलेल्यांनी आठवड्यातला एकेक वार वाटून घ्यावा. आणि ज्यांच्या घरातल्या व्यायामाच्या सायकलीवर सध्या टॉवेल वाळतात, त्यांनी ती वर्षभर उसनी द्यावी.

कारखान्याचं उसाचं बिल अजून जमा झालेलं नाही, हे आम्हाला माहीत आहे. शंभर रुपयेही चालतील. क्यूआर कोड व्यायामशाळेच्या दारावर लावला आहे, खातं मंडळाचं आहे, कुणा एकाचं नाही. रोख दिली तर खजिनदारांकडून पावती घेतल्याशिवाय उठू नका. हिशेब दर रविवारी फळ्यावर लिहिला जाईल.

दसऱ्यापर्यंत रक्कम जमली तर दिवाळीच्या आत शस्त्रक्रिया होईल.

आपले,
अध्यक्ष, खजिनदार व सर्व खेळाडू