पाट्या टाकणं

प्रिय लेकीस अनेक आशीर्वाद.

"बाबा, हल्ली मी नुसत्या पाट्या टाकते." तुझ्या पत्रातल्या या ओळीपाशी मी अडलो, बाकीचं पत्र दुसऱ्या दिवशी वाचलं. दोष तुझाच असणार, तुझ्यातच धमक उरली नसणार, असंही तू पुढे लिहिलं आहेस. ते मला पटलेलं नाही. फोनवर बोललो असतो तर "हो बाबा, हो बाबा" करून तू विषय मिटवला असतास, म्हणून लिहायला बसलो.

पाटी म्हणजे मातीची टोपली. खणणारा वेगळा, भरून देणारा वेगळा, डोक्यावरून नेऊन ओतणारा वेगळा. तिथे बंधारा होणार की वाडा, हे ओतणाऱ्याला कुणी सांगत नाही. संध्याकाळी पाट्या मोजल्या की हिशेब संपला. हा शब्द आपण कामचुकार माणसासाठी वापरतो, पण पाटी वाहणारा काही बसून नसतो. मान मोडेस्तोवर राबत असतो बिचारा.

तू दिवसभर स्क्रीनवरच्या चित्रांत खुणा करतेस. हा माणूस, ही गाडी, हा खांब. कशासाठी, ते तुला सांगितलेलं नाही. मी कारखान्यात 22 वर्षं बुश तपासली, म्हणजे फिरत्या दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या. प्लग गेज म्हणजे भोकाचं माप तपासायची दोन टोकांची दांडी. तिची 'गो' बाजू भोकात गेली पाहिजे आणि 'नो-गो' अडली पाहिजे, की टाक ट्रेमध्ये. ती कुठल्याशा पंपात बसतात एवढं ऐकून होतो. पंप काही पाहिला नव्हता. आमच्याकडे मशीनवर लावलेल्या तुकड्यालाही जॉब म्हणत आणि नोकरीलाही जॉबच. "जॉब गेला" असं कुणी ओरडलं की क्षणभर कळायचं नाही, तुकडा गेला की माणूस.

युनियनच्या अभ्यासवर्गात आम्हाला पहिल्यांदा टाचणीची गोष्ट सांगितली होती. ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने 1776 सालच्या पुस्तकात लिहिलेली. टाचणी करण्याच्या सुमारे 18 क्रिया. त्या वाटून घेतल्या तर दहा माणसं दिवसाला 48,000 टाचण्या करतात. एकट्याने सगळं करायचं तर धड वीसही व्हायच्या नाहीत. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. त्याच पुस्तकात बरंच पुढे स्मिथ म्हणतो, की ज्याचं आयुष्य दोन-चार सोप्या क्रिया करण्यातच जातं त्याला डोकं चालवायचा प्रसंगच येत नाही, आणि माणूस जितका मठ्ठ होऊ शकतो तितका तो होतो. हा भाग मी फार उशिरा वाचला. वाचून रागही आला. मठ्ठ आम्ही नव्हतो. आमच्या डोक्याला तिथे गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच.

त्यानंतर 1844 साली पॅरिसमध्ये मार्क्सने या दुखण्यावर काही टिपणं लिहिली. तेव्हा तो जेमतेम तुझ्या वयाचा होता. ती छापून आली थेट 1932 साली. मराठीत या दुखण्याला परात्मता म्हणतात, शब्द जरा जडच आहे. त्याचं म्हणणं असं, की कामगार जे घडवतो ते त्याचं उरत नाही, परकं होऊन त्याच्याच समोर उभं राहतं. काम करण्याची क्रियाही त्याची उरत नाही. म्हणून कामावर नसताना तो स्वतःत असतो, आणि कामावर असताना स्वतःत नसतो. माणसाचं माणूसपण आणि शेजारचा माणूस, हे दोन्ही तुटत जातात असंही त्याने लिहिलं आहे, पण मला जे नीट कळलं ते पहिलंच. त्याचं कारण सांगतो. हे तुला कधी सांगितलेलं नाही.

बुश ट्रेमधून एकेक उचलून सरळ करण्यातच निम्मा वेळ जायचा. मी घरी एक लाकडी पन्हळ केली, दोन रविवार घालवून. तिच्यातून बुश आपोआप तोंड वर करून हाताशी यायची. डब्याच्या पिशवीतून ती कारखान्यात नेली आणि महिनाभर गुपचूप वापरली. टार्गेट दीड तास आधी पुरं व्हायचं. उरलेल्या वेळात मी हात धीमे चालवायचो, कुणाला कळू नये म्हणून. मला इतका आनंद त्या कारखान्यात पुन्हा कधी झाला नाही. मग ती सुपरवायझरने पाहिली. त्याने पाठ थोपटली. आठवड्याने स्टॉपवॉचवाला माणूस पाठीशी येऊन उभा राहिला, आणि पुढच्या महिन्यात टार्गेट वाढलं. माझं एकट्याचं नव्हे, तिन्ही शिफ्टचं. तशाच पन्हळी पत्र्याच्या करून सगळ्यांना दिल्या. बरेच दिवस सोबतचे लोक माझ्याशी बोलत नव्हते. माझ्याच हातची वस्तू माझ्या आणि त्यांच्या मानेवर बसली होती. ती टिपणं मी पुढे वाचली, तेव्हा मला पन्हळच दिसत होती.

पगार वाढला की हे दुखणं जातं, असं तुझा मामा म्हणतो. अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात 1913 साली सरकता पट्टा आला. गाडीचा सांगाडा जुळवायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आलं. पण माणसं टिकेनात. साधारण 14,000 जागा भरलेल्या ठेवायला त्या वर्षात 52,000 वर लोक घ्यावे लागले! मग जानेवारी 1914 मध्ये त्याने दिवसाला 5 डॉलर जाहीर केले, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. माणसं थांबली. पण पट्टा तोच राहिला, आणि वर कामगार घरी कसा राहतो ते पाहायला कंपनीची माणसं घरोघर जाऊ लागली. म्हणून पगार नको, असं मी म्हणणार नाही. पगारावरच तू शिकलीस.

आणि मालक बदलला की सगळं सुटतं, हेही मी आता म्हणत नाही. तरुणपणी म्हणायचो. घड्याळ लावून कामाचे तुकडे पाडणाऱ्या टेलर या अमेरिकन इंजिनिअरची पद्धत शिकून घ्या, असं 1918 साली, क्रांतीनंतरच्या रशियात, लेनिनच सांगत होता. अभ्यासवर्गात हे कुणी बोललं नाही.

तुमच्याकडे आता म्हणे दर सोमवारी 'पॅशन' वाढवायचं सत्र असतं. आमच्या वेळी हे नव्हतं. आमच्याकडून हात मागायचे, मन मागत नसत. मन घरी नेता यायचं. तुमच्याकडून मनही मागतात, आणि ते लागलं नाही की तुम्हालाच अपराधी वाटतं. तू पाट्या टाकतेस, कारण तुला पाट्याच दिल्या आहेत.

परवा पंप दुरुस्तीवाल्याकडे बसलो होतो. त्याने एक पंप खोलला, शाफ्ट ओढून काढला, आणि त्यावर बुश. त्याच मापाचं. एका बाजूने पार झिजलेलं. मी हातात घेतलं, करंगळी घालून पाहिली. माझ्या हातून गेलेलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यावर कुणाची खूण नसतेच. हा पंप किती वर्षं चालला, मी विचारलं. तो म्हणाला, "काका, चांगला टिकला." ते बुश मी मागून घेतलं. टेबलावर ठेवलंय, हा कागद उडू नये म्हणून.

तुझ्या चित्रांतल्या त्या खांबांचं आणि माणसांचं पुढे काय होतं, ते कुणाला तरी विचार. एकटीने विचारू नकोस, शेजारच्या चौघींना घेऊन विचार. काय उत्तर देतात ते मला कळव. मला खरंच ऐकायचं आहे.

तुझा,
बाबा