ती सांडशी नव्हे, बोल्टाला डोके घडवण्याची पकड आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या हत्यारांविषयी प्रसिद्ध झालेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. लेखकाने विषयाला आस्थेने हात घातला आहे, छायाचित्रेही स्वच्छ आहेत आणि अशा विषयाला अर्धे पान दिल्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. मात्र तिसऱ्या छायाचित्राखाली ‘लोहाराची मोठी सांडशी’ अशी ओळ छापली गेली आहे आणि मजकुरात ‘यंत्रे आल्यावर या हत्याराचे काम संपले’ असे विधान आहे. या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. मी ३४ वर्षे भट्टीपुढे काम केले आहे आणि छायाचित्रात दिसते तसल्या हत्याराने शेकडो बोल्ट घडवले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सांडशी तापलेले लोखंड उचलण्यासाठी आणि ऐरणीवर फिरवण्यासाठी असते. तिचे जबडे पातळ असतात, कारण ती हातात हलकी राहिली पाहिजे. छायाचित्रातील हत्याराचे जबडे मात्र दोन बोटांहून जाड आहेत, ते वरून सपाट आहेत आणि त्यांच्या आतल्या बाजूला समोरासमोर प्रत्येकी चार अर्धगोल खोबणी आहेत. जबडे मिटले की त्या खोबणींची चार गोल भोके होतात. लोखंडी सळई त्या भोकात उभी आवळायची, तिचे तापलेले टोक वर मोकळे ठेवायचे आणि त्या टोकावर वरून घाव घालून त्याचे डोके घडवायचे, हे या हत्याराचे काम. आम्ही तिला नुसती ‘बोल्टाची पकड’ म्हणत असू. मुठींवर जे सैल कडे दिसते, ते लेखात म्हटल्याप्रमाणे हत्यार खुंटीला टांगण्यासाठी नाही. मुठी एकमेकींकडे दाबून ते कडे खाली सरकवले की जबडे घट्ट मिटलेले राहतात आणि लोहाराचा एक हात मोकळा होतो.

या खोबणी कशा पाडलेल्या असतात, हे सांगितल्याशिवाय हत्याराची ओळख पुरी होणार नाही. दोन्ही जबडे नुसते एकमेकांना भिडवून मधोमध भोक पाडले, तर त्या भोकात सळई बसेल, पण आवळली जाणार नाही, कारण जबड्यांच्या कडाच आधी एकमेकींना टेकतील. म्हणून जुने कारागीर भोक पाडण्यापूर्वी दोन जबड्यांमध्ये पातळ पत्र्याची पट्टी ठेवत, ती पट्टी आणि दोन्ही जबडे मिळून व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या स्क्रूच्या शिकंजात, आवळत आणि पट्टीच्या बरोबर रेषेवर भोक पाडून नंतर पट्टी काढून टाकत. अशा रीतीने प्रत्येक खोबण अर्ध्या वर्तुळाहून किंचित उथळ होते, सळई मध्ये आली की जबड्यांमध्ये बारीक फट उरते आणि मुठींचा सगळा जोर सळईवर पडतो. छायाचित्र नीट पाहिले तर खोबणींच्या आत आडव्या बारीक रेघाही दिसतात. घाव बसताना सळई खाली घसरू नये म्हणून त्या छिन्नीने मुद्दाम मारलेल्या आहेत.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. १२ मिलिमीटरच्या सळईला षट्कोनी डोके घडवायचे आहे असे समजा. आजच्या प्रमाण मापांनुसार त्या डोक्याच्या समोरासमोरच्या पैलूंमधील अंतर १८ मिलिमीटर आणि उंची साडेसात मिलिमीटर असते. एवढ्या डोक्यात सुमारे २,१०० घन मिलिमीटर धातू मावतो. सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मिलिमीटर असल्याने तेवढा धातू मिळवण्यासाठी साडेअठरा मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त सळई लागते, आणि तापवताना जी खपली सुटून जाते तिची भर घालून लोहार पकडीच्या वर २० मिलिमीटर सळई ठेवतो. तेवढ्याच रुंदीचे आणि ८ मिलिमीटर उंचीचे चौकोनी डोके हवे असेल तर २४ ते २५ मिलिमीटर ठेवावी लागते. माझ्या उस्तादांना हा हिशेब कागदावर मांडता येत नव्हता. त्यांच्याजवळ खडूने खुणा केलेली एक लाकडी पट्टी होती, आणि पुढे मी गणिताने जे आकडे काढले ते त्या खुणांशी जवळजवळ तंतोतंत जुळले.

सळई पकडीच्या वर किती ठेवावी यालाही मर्यादा आहे. तिच्या जाडीच्या तिपटीहून अधिक लांबी मोकळी सोडली, तर पहिल्या जोरदार घावाबरोबर टोक फुगण्याऐवजी वाकते आणि वाकलेले टोक ठोकत राहिल्यास धातूची घडी पडून ती डोक्यात तशीच दडून राहते. वरून डोके उत्तम दिसते, आत मात्र चीर असते. टोक कलंडताना दिसले की हात थांबवायचा, सळई पकडीतून सोडवून ऐरणीवर आडवी टाकून सरळ करायची आणि पुन्हा ताव द्यायचा, म्हणजे भट्टीत तापवायची, दुसरा उपाय नाही.

ताव टोकालाच हवा. पिवळ्या रंगावर, म्हणजे साधारण १,००० ते १,१०० अंश सेल्सिअसला, साधे पोलाद मऊ होते; पण भट्टीत सळई जास्त आत गेली आणि वीतभर लांबी तापली, तर घाव बसल्यावर पकडीच्या खालचा भागही फुगतो आणि तो बोल्ट पुढे कोणत्याच भोकात जात नाही. म्हणून भट्टीतून काढल्यावर टोकाच्या खालची दांडी क्षणभर पाण्यात बुडवायची, लगेच पकडीत घालायची, कडे सरकवायचे आणि पकड मोठ्या पायाच्या व्हाइसवर किंवा ऐरणीच्या भोकावर टेकवून घण घालायचा. सळईच्या खालच्या टोकालाही भक्कम टेकू हवा. नुसत्या जबड्यांच्या घर्षणावर घणाचा मार पेलवत नाही. पहिले दोन-तीन घाव जड आणि बरोबर मध्यावर, पुढचे हलके आणि कडेकडेने. टोक बसून चकतीसारखे झाले की पकड सोडवून सळई ऐरणीवर आडवी धरायची आणि फिरवत फिरवत पैलू पाडायचे. चौकोन नजरेने साधतो, षट्कोनाला साचा लागतो. जुन्या हातघडीच्या बोल्टांची डोकी बहुधा चौकोनी दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. शेवटी डोके पुन्हा पकडीत बसवून वरून वाटीसारख्या खोलगट हत्याराचा एक घाव घातला की कोपऱ्यांची धार मोडते. तापलेली सळई लाल रंगाच्याही खाली उतरून काळपट होऊ लागली की हात आवरायचा आणि दुसरा ताव द्यायचा.

याच बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे आवश्यक वाटते, कारण हे हत्यार आज ज्यांच्या घरी असेल त्यांच्या हातून तीच चूक होण्याचा संभव आहे. काम शिकायला लागून वर्ष झाले होते. खोबणींच्या वरच्या कडा मला झिजून गोल झालेल्या दिसल्या, म्हणून उस्ताद नसताना मी कानस घेऊन जबड्यांची वरची बाजू घासली आणि त्या कडा काटकोनात, धारदार करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी घडवलेला बोल्ट दिसायला फार नेटका होता. डोके आणि दांडी जिथे मिळतात तिथे रेघ मारल्यासारखा कोपरा आला होता. उस्तादांनी तो थंड होऊ दिला, व्हाइसमध्ये दांडी आवळली आणि डोक्यावर बाजूने दोन घाव घातले. डोके त्या कोपऱ्यातूनच तुटून भिंतीपाशी जाऊन पडले. मग त्यांनी जुना बोल्ट तसाच आवळून मला मारायला लावला. माझ्या आठ-दहा घावांनी त्याचे डोके वाकले, पण सुटले नाही. खोबणीची ती वरची कड झिजलेली नव्हती, ती मुद्दाम गोलाई देऊन ठेवलेली होती. त्या गोलाईमुळे डोक्याखालच्या कोपऱ्यात धातूला वळण मिळते आणि ताण एका रेषेवर गोळा होत नाही. ओढल्या जाणाऱ्या बोल्टात ताण सर्वाधिक साचण्याच्या जागांपैकी ही एक, आणि नटमध्ये शिरणारा पहिला आटा ही दुसरी. त्या जबड्यांना पुन्हा गोलाई द्यायला मला पुरे दोन दिवस लागले.

घडवलेले डोके आणि कापून काढलेले डोके यांतला फरकही याच ठिकाणी कळतो. जाड गजातून यंत्रावर धातू कापून डोके सोडले, तर गजाच्या लांबीतले धातूचे तंतू डोक्याच्या कडेला तुटलेले राहतात. सळई ठोकून फुगवली तर तेच तंतू दांडीतून वर येऊन डोक्यात वळतात. असा बोल्ट उभा चिरून, घासून त्यावर आम्लाचा हात दिला की त्या वळणाऱ्या रेषा डोळ्यांना दिसतात. ज्या शिकाऊ मुलांना मी हे दाखवले, त्यांना घडाई म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावे लागले नाही.

यामुळेच ‘यंत्रे आल्यावर काम संपले’ हे वाक्य मला खटकले. कारखान्यात तापलेल्या गजाला डोके देणारे जे आडवे घडाईयंत्र असते, त्यात दोन अर्ध्या साच्यांच्या मधोमध गज आवळला जातो आणि समोरून येणारा ठोकळा त्याच्या टोकावर आदळतो. साचा दोन अर्ध्यांचा, खोबण अर्धगोल, आवळणे आधी आणि घाव नंतर, हा क्रम या हाताच्या पकडीचाच आहे. घणाच्या जागी यंत्राचा दट्ट्या आला एवढेच. आज बोल्ट मोठ्या संख्येने तारेच्या वेटोळ्यापासून न तापवताच घडवले जातात, पण तिथेही टोक चेपून डोके करणे ही मूळ क्रिया बदललेली नाही आणि मोकळ्या लांबीची मर्यादाही सुटलेली नाही.

हाताच्या पकडीलाही काम उरलेले आहे. जुनी फाटके, लाकडी तुळया, पूल, जहाजे, यंत्रे यांच्या डागडुजीत एखादा बोल्ट गेला, तर त्या मापाचा आणि त्या चौकोनी डोक्याचा बोल्ट तयार मिळत नाही. इंग्लंडचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांच्या कोनाचे ५५ अंशांचे प्रमाण मांडले आणि अमेरिकेचे विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचे. त्यापूर्वीच्या कामात तर बहुधा प्रत्येक नट आपापल्याच बोल्टावर बसे. अशा ठिकाणी जुन्यासारखा नवा बोल्ट घडवणे हाच प्रामाणिक मार्ग असतो. मात्र जुन्या पकडींच्या खोबणी बहुधा इंचाच्या मापात असतात. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या खोबणीत १२ मिलिमीटरची सळई बसते खरी, पण ती दोन्ही बाजूंना एकेका रेघेवरच पकडली जाते, जोराच्या घावाने सरकते आणि डोके मध्य सोडून बसते. खोबण मापून मगच सळई निवडावी.

हौसेने लोहारकाम शिकणाऱ्यांची संख्या वाढते आहे याचा मला आनंद आहे, त्यांच्यासाठी दोन सूचना येथेच करतो. जस्ताचा मुलामा दिलेली सळई भट्टीत कधीही घालू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते, घडाईचा ताव त्याच्या वरचा असतो आणि तो धूर छातीत गेला तर थंडी-ताप भरतो. दुसरे असे की डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीची प्रत सांगणारा आकडा असलेला तयार बोल्ट तापवून त्याला नवा आकार देऊ नये, कारण त्याची ताकद पाणी देऊन आणि नंतर मोजका ताव देऊन आणलेली असते. भट्टीत ती जाते आणि डोक्यावरचा आकडा मात्र तसाच राहून पुढच्या माणसाची फसवणूक करतो.

आपणास विनंती अशी, की पुढील अंकात छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी आणि ‘तापलेल्या सळईला बोल्टाचे डोके घडवण्याची पकड’ असे लिहावे. हे हत्यार ज्या संग्रहात ठेवले आहे, तेथील मंडळींनी त्याच्या चारही खोबणींची मापे घेऊन ती शेजारच्या पाटीवर नोंदवावीत, आणि जमल्यास त्या मापाची एक सळई व त्याच पकडीत घडवलेला एक बोल्ट जवळ ठेवावा; पाहणाऱ्याला त्यावरून सगळे काम एका दृष्टीत उमगेल. ज्या वाचकांच्या घरी असे हत्यार अडगळीत असेल त्यांनी ते मोडीत घालू नये. गंज निघावा म्हणून तेलाचा हात द्यावा, बिजागरीचा रिव्हेट सैल असेल तर हलकेच ठोकून घ्यावा, पण खोबणींच्या आतल्या रेघा आणि वरच्या कडांची गोलाई यांना कानस लावू नये.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त लोहार